टॉवर शेतात, नाव सातबाऱ्यावर



एखाद्या सकाळी शेतात मोजणीची माणसं येतात, बांधावर खुणा करतात. विचारलं तर सांगतात, "इथून हायटेन्शन लाइन जाणार." घरात पहिला प्रश्न उठतो, जमीन गेली का?

नाही. टॉवर उभा राहिला तरी जमिनीची मालकी आपलीच राहते. लाइनवाल्यांना मिळतो तो फक्त वापराचा हक्क. पण अडवून काम थांबेलच असंही नाही. २००३ च्या वीज कायद्यातल्या कलम १६४ प्रमाणे सरकार त्यांना १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देऊ शकतं. तसा आदेश असेल, तर मालकाची आधी संमती घ्यावी लागत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी तो आदेश दाखवायला सांगा. नसेल, तर आपली संमती किंवा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

त्याच जुन्या कायद्यात नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी, असंही लिहिलं आहे. जून २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के रक्कम सुचवली आहे. प्रत्यक्ष दर राज्य सरकार ठरवतं. आपल्याकडे आज कोणता दर लागू आहे, ते प्रांत कार्यालयात विचारा. पिकाचे आणि झाडांचे पैसे वेगळे असतात. पंचनाम्यात प्रत्येक झाड मोजून घ्या, फोटो काढा, वाचल्याशिवाय सही करू नका आणि प्रत मागून घ्या.

आता खरी मेख. पैसे कुणाला? सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याला. खुरपणी आपण करायची, आणि नाव नवऱ्याचं नाहीतर दिराचं! नवरा वारला असेल आणि वारस नोंद राहिली असेल, तर आजच तलाठ्याकडे अर्ज द्या. नवरा हयात असेल, तर त्याच्या अर्जावरून लक्ष्मीमुक्ती योजनेत बायकोचं नावही सातबाऱ्यावर लागू शकतं.

पैसे कुणाचे यावर घरात वाद असेल, तर रक्कम जिल्हा न्यायाधीशांच्या न्यायालयात जमा होऊ शकते. हक्क कुणाचा, ते तिथे ठरतं. भरपाई कमी वाटली, तरी दाद तिथेच मागायची.

तारा डोक्यावरून जातील, पण आपला हक्क हातातून जाऊ देऊ नका. या आठवड्यात एवढंच करा. घरचा सातबारा काढा आणि त्यावर आपलं नाव आहे का, ते बघा.