हत्ती देऊन मिळवलेलं घर

बुद्धिबळात बलिदान म्हटलं की हल्ला आठवतो. १९६३ ते १९६९ जगज्जेता असलेला आर्मेनियन तिग्रान पेट्रोशियन मात्र बचावासाठीही हत्ती देई. १९५३ साली झ्युरिकच्या स्पर्धेत रेशेव्हस्कीची मधली प्यादी पुढे रेटू पाहत होती. त्यांना अडवायला पेट्रोशियनचा घोडा हवा होता. पण घोड्याच्या वाटेत त्याचाच हत्ती उभा! पंचविसाव्या खेळीला त्यानं तो हत्ती सरळ उंटाच्या तोंडी नेऊन ठेवला. बदल्यात उंट मिळाला. म्हणजे हिशेबानं तोटाच. पण घोडा मध्यावर ठाण मांडून बसला, प्यादी थबकली, डाव बरोबरीत सुटला. मोहऱ्याचं मोल त्याच्या घरावरून ठरतं. कवितेतली लाडकी ओळ खोडताना मला तो हत्ती आठवतो. ती हटली, की कधी कधी कविता उभी राहते.