गाडीचं शेपूट

कॅनडातल्या विनिपेग शहरात नवीन आलेला माणूस एक प्रश्न हमखास विचारतो, इथल्या गाड्यांना तोंडाशी शेपूट कशाला? बॉनेटखालच्या जाळीतून हातभर काळी वायर लोंबत असते आणि तिच्या टोकाला तीन पिनांचा प्लग. आपल्याकडे मोबाइल चार्जिंगला लावतात तशा तिथे हिवाळ्यातल्या रात्री पेट्रोलच्या गाड्या भिंतीतल्या सॉकेटला लावून ठेवतात. मी त्या गावात एकोणीस हिवाळे काढले. त्या शेपटाबद्दलच आज थोडं बोलणार आहे.

थंडी किती, याचा अंदाज आधी देतो. विनिपेगला जानेवारीतलं रात्रीचं तापमान सरासरी उणे २० अंश सेल्सियसच्या आसपास असतं. उणे ३० च्या रात्री दरवर्षी येतात आणि त्यांचं कोणाला विशेष कौतुक नसतं.

अशा थंडीत गाडी का सुरू होत नाही? डिसेंबरात आपल्या खोबरेल तेलाची बाटली थिजते, तसंच काहीसं इंजिनच्या ऑइलचं होतं. अगदी दगड होत नाही, पण काकवीसारखं घट्ट होतं. त्या काकवीत रुतलेलं इंजिन फिरवायला स्टार्टरला दुपटीच्या घरात जोर लागतो. नेमकी त्याच वेळी बॅटरी मान टाकते. उणे १८ ला तिची ताकद साधारण निम्म्यावर येते, कारण तिच्या आतली रासायनिक क्रियाच मंदावलेली असते. म्हणजे ओझं दुप्पट आणि बैल अर्धपोटी. त्यातून पेट्रोलची वाफ नीट होत नाही, आणि इंजिनात पेटते ती वाफ.

ऑइलच्या डब्यावर २०डब्ल्यू-४० असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. वीस आकड्याच्या ऑइलची, थंड इंजिन फिरू देण्याची कसोटी उणे १५ ला घेतात; शून्य आकड्याच्या ऑइलची उणे ३५ ला. म्हणून तिकडे ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू वापरतात. कूलंटची तर गंमतच आहे. ते पाणी न घालता ओतलं तर जास्त चांगलं, असं कोणालाही वाटेल. पण निव्वळ ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं, आणि निम्मं पाणी मिसळलं की तेच मिश्रण उणे ३७ पर्यंत तग धरतं.

आता ते शेपूट. ते असतं ब्लॉक हीटरचं. इंजिनच्या ब्लॉकमध्ये बसवलेली छोटी विजेची कांडी, बहुधा ४०० ते १००० वॉटची, म्हणजे मोठी असली तर आपल्या इस्त्रीएवढी. ती कूलंट तापवते आणि त्यामुळे ब्लॉक कोमट राहतो. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या ग्रँड फोर्क्सचे अँड्र्यू फ्रीमन यांनी अशा हीटरचं पेटंट १९४९ मध्ये घेतलं. त्यांचा हीटर इंजिनच्या हेडच्या बोल्टच्या जागी बसायचा. ग्रँड फोर्क्स ते विनिपेग हे अंतर जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे ज्याची थंडी त्यानंच औषध काढलं.

त्याआधी काय करायचे, हे मला शेजारच्या आजोबांनी सांगितलं. त्यांचे वडील युक्रेनहून येऊन तिथे शेती करू लागले होते. रात्री ऑइल गरम असतानाच काढायचं, डबा चुलीशेजारी ठेवायचा, बॅटरी घरात आणायची, आणि सकाळी सगळं पुन्हा जागेवर. घाई असली तर ऑइल चेंबरखाली निखाऱ्यांची परात सरकवायची. त्यात गाडीबरोबर गोठाही जळायचा, असं ते हसत सांगायचे.

हीटर रात्रभर लावायची गरज नसते. टायमर लावून निघण्याआधी दोन-तीन तास दिला की भागतं. कडाक्याच्या थंडीत चार तास.

एका जानेवारीत उणे ३६ च्या रात्री अडीच वाजता फोन वाजला. आमच्या ओळखीचा नागपूरचा मुलगा, बायको दिवसांत. "दादा, गाडी सेलच घेऊन नाही राहिली! लवकर या." त्याच्या इमारतीच्या पार्किंगमधलं सॉकेट आठवडाभर बंद होतं आणि मालकाला तीनदा सांगूनही दुरुस्त झालं नव्हतं. ॲम्ब्युलन्सला त्याने कळवलं होतं, पण कळा जवळ आल्या होत्या आणि वाट पाहायची त्याची तयारी नव्हती. माझी गाडी प्लगला होती. एका सेलमध्ये धरली. पहिला अर्धा किलोमीटर ती धाडधाड आपटत गेली, कारण थंडीत टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होऊन तसाच राहतो. सीट तर फळीसारखी कडक. इमारतीशी पोचलो तेव्हा दोघं दारात उभी होती, तिच्या अंगावर तीन कोट. आम्ही पोचलो आणि चाळीस मिनिटांत मुलगी झाली. आज ती तिथेच शिकते आणि इलेक्ट्रिक गाडी चालवते. ही गाडीही रात्री प्लगलाच लावावी लागते, आणि थंडीत एका चार्जमध्ये कमी पळते म्हणून कुरकुरते.

एक भीती मात्र बोलून दाखवायला हवी. गाडी गरम करायची म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणारे लोक मरतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप लागल्यासारखं वाटतं. बर्फात अडकलेल्या गाडीतही तेच. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की धूर आत येतो. आधी उतरून ते मोकळं करायचं, मगच हीटरसाठी इंजिन लावायचं. आणि एरवी अर्धा-अर्धा तास जागेवर इंजिन घरघरवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. गिअरचं ऑइल, बेअरिंगं, टायर हे गाडी हळू चालवल्यावरच गरम होतात.

हे सगळं परदेशातलंच, असं समजू नका. लडाखमध्ये डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. तिथले ड्रायव्हर टाकीखाली स्टोव्ह किंवा जाळ करताना अनेकांनी पाहिले असतील. इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात लडाखसाठी उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं, तेव्हा त्या जाळाची गरज कमी झाली. सैबेरियातल्या याकुत्स्कला उणे ४० रोजचंच. तिथे बॉनेटवर जाड गोधडी घालतात, आणि गरम गॅरेज नसेल तर दुकानात जातानाही इंजिन बंद करत नाहीत.

आमच्या डिकीत नोव्हेंबर ते मार्च फावडं, जंपर केबल, दोन रजया, एका पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती आणि काडेपेटी असायची. सौ. त्यात शेंगदाण्याची चिक्कीही ठेवायची. उणे ३० ला ती फोडायला चाक बदलायचा पाना लागायचा.