विद्यार्थ्यांचे पुढारीपण
(ज्युबिली महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या शाळेत दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी शाळेतील पुढारीपणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. पुढारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे व्यासपीठ आणि हारतुरे येतात. शाळेत हारतुऱ्यांच्या जागी छातीवर बिल्ला असतो, हाती खडू असतो आणि फळ्यावर गडबड करणाऱ्यांची नावे असतात, एवढाच काय तो फरक! त्या वाटेने मीही गेलेलो आहे. ती हकीकत पुढे सांगेन. तत्पूर्वी आपणांस इटली देशातील तुरीन शहरी घेऊन जाण्याची माझी इच्छा आहे.

तेथील वाल्दोक्को भागात डॉन बॉस्को हे धर्मगुरू गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवीत असत. 1854 च्या उन्हाळ्यात शहरात पटकीची साथ उद्भवली. ज्यांस शक्य होते ते शहर सोडून गेले. जे राहिले त्यांच्यापैकी कित्येकांच्या अंथरुणाजवळ जावयास सख्खे नातलगही धजेनात. डॉन बॉस्कोंनी आपल्या मुलांस विचारले की, रोग्यांच्या शुश्रूषेस माझ्याबरोबर कोण येतो? प्रथम 14 मुले पुढे झाली आणि मागाहून आणखी 30. ह्या पोरांनी रोग्यांस उचलून रुग्णालयात नेले, त्यांची अंगे पुसली, त्यांच्या उशाशी रात्री जागून काढल्या. पांघरुणे अपुरी पडू लागली तेव्हा डॉन बॉस्कोंच्या मातोश्री मार्गारेता ह्यांनी घरातील होते नव्हते ते कापड दिले, आणि अखेर वेदीवरील वस्त्रही काढून दिले. त्या मुलांपैकी एकालाही रोगाची बाधा झाली नाही. ह्यांतील कोणाच्या छातीवर बिल्ला होता, असे मी कोठे वाचलेले नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एका लोहाराचा 12 वर्षांचा मुलगा त्या वसतिगृहात दाखल झाला. त्याचे नाव डॉमिनिक साव्हिओ. प्रकृतीने नाजूक, आवाजाने मृदू. एकदा दोन मुलांचे हाडवैर जुंपले आणि दगडांनी लढून निकाल लावण्याचे ठरले. डॉमिनिकने समजावून पाहिले, व्यर्थ! तेव्हा तो त्यांच्याबरोबर मैदानावर गेला, हाती क्रूस धरून दोघांच्या मध्ये उभा राहिला आणि पहिला दगड मजवरच टाका म्हणाला. दगड हातांतून गळून पडले. गुरुजींकडे नावे देणे किती सोपे होते!

तथापि मला त्याची दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते, कारण तीत काहीच नाट्य नाही. गाव्हिओ नावाचा एक नवा मुलगा मोठ्या दुखण्यातून उठून आला होता आणि इतरांचे खेळ दुरून पाहत एकटाच उभा असे. डॉमिनिक त्याच्याजवळ गेला, विचारपूस केली, मित्र झाला. बस्स, इतकेच. तो मुलगा पुढे थोड्याच दिवसांत देवाघरी गेला.

1856 साली डॉमिनिकने काही सोबत्यांसह निष्कलंक मातेचे मंडळ स्थापिले. मंडळाच्या प्रत्येक सभासदाकडे एकेक मुलगा सोपविलेला असे: कोणी हूड, कोणी नवखा, कोणी घरच्या आठवणीने झुरणारा. ते त्या मुलास कळूही देत नसत. डॉमिनिक पुढल्याच वर्षी, 9 मार्च 1857 रोजी, वयाची 15 वर्षे पुरी होण्यापूर्वी वारला. 1954 साली ख्रिस्तसभेने त्यास संतपद दिले. त्याच्या मंडळातील मिखाएल रुआ पुढे डॉन बॉस्कोंचे वारस झाले आणि जॉन काल्येरो ह्यांनी 1875 साली सालेशियन मिशनऱ्यांची पहिली तुकडी आर्जेन्टिनास नेली.

आता माझी हकीकत. मी इयत्ता सातवीत मॉनिटर होतो आणि कर्तव्यात कसूर करीत नसे. उशिरा येणाऱ्या एका मुलाचे नाव मी ओळीने नऊ दिवस फळ्यावर लिहिले. अक्षर मोठे वळणदार काढीत असे, हेही कबूल करतो. दहाव्या दिवशी तो आला नाही, पुढे कधीच आला नाही. कित्येक वर्षांनी मला समजले की, त्याचा बाप अंथरुणास खिळला होता आणि तो पोर पहाटे वाडीला पाणी लावून, दूध पोहोचवून, मग धावत शाळेस येत असे. त्याचे घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होते. त्या नऊ दिवसांत मी एकदाही तिकडे वळलो नाही.

पालकहो, आपली मुले बिल्ला लावून घरी आली की आपण त्यांचे छायाचित्र काढता, ते योग्यच आहे. मात्र त्याच सायंकाळी, आज वर्गात कोण आले नव्हते आणि का, एवढे त्यांस विचारावे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या पूज्य मुख्याध्यापकांच्या अनुमतीने माझी एक विनंती आहे. येत्या सोमवारी प्रत्येक वर्गाच्या मॉनिटरने हजेरीपटावरून लागोपाठ तीन दिवस गैरहजर असलेल्यांची नावे उतरवून घ्यावी. ती फळ्यावर लिहू नयेत. कागद खिशात ठेवावा, आणि शाळा सुटल्यावर एका सोबत्यास घेऊन पहिल्या नावाच्या घरी जावे.