दुकानातल्या नोकरीची मुलाखत

मंडळाने मला विषय दिला आहे 'पन्नाशीनंतरची नवी सुरुवात'. नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात मी मॉलमधल्या एका दुकानात फोन आणि लॅपटॉप विकते, आणि त्यासाठी दोनदा मुलाखत दिली, कारण पहिल्यांदा नापास झाले. तेवढंच सांगते.

कंपनीचं नाव घेणार नाही. त्याच कंपनीत मुलगा प्रोग्रामर म्हणून लागला तर आपण पेढे वाटतो. त्याने लिहिलेला प्रोग्राम ज्या फोनात चालतो तो विकायला काकू उभी राहिली की मात्र विचारतो, "घरी वेळ जात नाही का हो?"

पहिल्या वेळी मी अभ्यास करून गेले होते. प्रोसेसर, मेमरी, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, सगळं तोंडपाठ. त्यातलं एक अक्षर कुणी विचारलं नाही. आम्हा आठ जणांना गोल बसवलं आणि विचारलं, "ऐन वेळी काही बिघडलं आणि तुम्ही ते निस्तरलंत, असा एखादा प्रसंग सांगा." मी आपल्या गणेशोत्सवाचा सांगितला. हॉलच्या स्वयंपाकघरातल्या शेगड्या अचानक बंद पडल्या आणि बाहेर तीनशे माणसं जेवायची. तुमच्यातले कितीतरी त्या पंगतीला होते. मी म्हणाले, "आम्ही तीन हॉटेलांतून भात आणला, आम्ही वेळ मारून नेली." मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतः काय केलंत?" मी म्हटलं, "सगळ्यांनी मिळूनच केलं." त्यांनी पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच उत्तर दिलं. आपल्याला लहानपणापासून 'मी मी करू नये' असं बजावलेलं असतं. त्यांच्या कागदावर माझ्या नावापुढे काही लिहिण्यासारखं उरलंच नाही.

घरी आल्यावर मुलीने समजावलं, आणि मग मी थोडं वाचलं. आजच्या या दुकानांचा साचा ॲपलने घालून दिला. त्यांची पहिली दोन दुकानं १९ मे २००१ रोजी उघडली, एक व्हर्जिनियात टायसन्स कॉर्नरला आणि दुसरं कॅलिफोर्नियात ग्लेंडेलला. दुकानं चालणार नाहीत असं तेव्हा भलेभले म्हणत होते. ती उभी करणारा रॉन जॉन्सन टार्गेट या दुकानांच्या साखळीतून आलेला. त्याने आपल्या माणसांना विचारलं, तुमची सर्वांत चांगली सरबराई कुठे झाली? बहुतेकांनी हॉटेलांची नावं घेतली, दुकानाचं क्वचितच. म्हणून त्याने पहिल्या मॅनेजरांना शिकायला रिट्झ-कार्लटन हॉटेलच्या लोकांकडे धाडलं. दुकानातल्या मदत-दुरुस्तीच्या टेबलाचं 'जीनियस बार' हे नावही त्याच विचारातून आलं. विक्रेत्यांना कमिशन ठेवलं नाही. कमिशन नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकाच्या गळ्यात माल मारणारा माणूस त्यांना नकोच असतो. मेगापिक्सेल दोन आठवड्यांत शिकवता येतात, दुसऱ्याचं ऐकून घ्यायला कसं शिकवणार?

जॉन्सनचा तो प्रश्न वाचला आणि मला दादरचं साड्यांचं दुकान आठवलं. पांढरी गादी, त्यावर मांडी घालून बसलेले, डोळ्यांवर चष्मा असलेले काका. "बजेट किती?" असं ते कधीच विचारत नसत. विचारायचे, "लग्न घरचं की जायचंय?" या एका प्रश्नात त्यांना किंमत, रंग, काठ, सगळं कळायचं. एकदा आईने महागडा शालू उचलला, तर म्हणाले, "वहिनी, हा नेसून दिवसभर वावरणं होणार नाही, जड आहे." निम्म्या किमतीची साडी देऊन त्यांनी आईला परत पाठवलं. त्यानंतर आमच्या घरातल्या चार लग्नांचा बस्ता त्यांच्याकडेच बांधला गेला.

वर्षभराने दुसऱ्या मुलाखतीत प्रश्न आला, "गिऱ्हाईक गरजेपेक्षा महाग मशीन मागतंय, तुम्ही काय कराल?" मी शालूची गोष्ट सांगितली. शालू म्हणजे काय हे समजावण्यात तीन मिनिटं गेली, पण समोरची दोघं पुढे सरकून ऐकत होती. भाताची गोष्टही पुन्हा सांगितली, या वेळी 'मी' लावून: मी फोन केले, मी हॉटेलं ठरवली, मी पंगत अर्धा तास पुढे ढकलली. भात आणायला गेलेले दोघं आज इथे बसले आहेत, त्यांची जाहीर माफी मागते. शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणाले. मी विचारलं, "सलग किती तास उभं राहायचं?" ते हसले. पण मी गंमत करत नव्हते. तुमच्यापैकी कुणी अर्ज करणार असेल तर आधी बूट चांगले घ्या.

नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात मंडळातलं एक जोडपं दुकानात आलं. मला टी-शर्टात पाहिलं आणि दोघं एकदम हेडफोनच्या भिंतीकडे वळली. मीही ओळख दाखवली नाही, उगाच कशाला संकोच! चार दिवसांनी फोन आला. "अहो, कर्मचाऱ्यांची सवलत नातेवाइकांना चालते का?" मी मॅनेजरला विचारून पाहिलं. मंडळाच्या सभासदत्वाला ते नातं मानत नाहीत.