एक पक्षी, अनेक पानें
(महोत्सवी वर्षांत भगिनीमंडळापुढें केलेलें भाषण)



धर्मगुरूनें पाकशास्त्रावर बोलावें, हें ऐकून कित्येकांस हंसूं येईल. तें येऊं द्या. टर्कीचीं कटलेटें हा आजचा विषय मीं आपण होऊन मागून घेतला. कारण या पदार्थाचे माझ्यावर जुने उपकार आहेत.

प्रथम या पक्ष्याची ओळख करून देतों. तो मूळचा मेक्सिकोचा. तेथील लोकांनीं त्यास पाळीव केलें आणि सोळाव्या शतकाच्या आरंभीं स्पॅनिश लोकांनीं त्यास युरोपांत नेलें. नांवाच्या बाबतींत मात्र त्याची पुष्कळ ओढाताण झाली. इंग्रजांनीं त्यास तुर्कस्तानचा मानिलें, फ्रेंचांनीं हिंदुस्थानचा, तर पोर्तुगीजांनीं पेरू देशाचा. म्हणूनच गोव्यांत त्यास 'पेरू' म्हणतात. १६१२ सालीं मुकर्रबखानानें गोव्याहून हा पक्षी जहांगीर बादशहाकडे आणिला. बादशहास त्याचें इतकें नवल वाटलें कीं, त्यानें आपल्या आठवणींच्या ग्रंथांत त्याचें वर्णन लिहून ठेविलें. दरबारचा चित्रकार मन्सूर यानें काढलेलें टर्कीचें चित्र आजहि लंडनच्या एका संग्रहालयांत आहे. आपल्या मसाल्यांतील मिरचीहि अमेरिका खंडांतूनच आली. तेव्हां टर्की व मिरची एका तव्यावर येतात, ती जुन्या देशबांधवांची भेटच समजावी!

आतां त्या उपकारांची गोष्ट. मी नवा सहायक धर्मगुरु असतांना एका नाताळांत कोणा सद्गृहस्थांनीं सहा किलोंची टर्की भेट पाठविली. आम्हीं ती अखंड भाजली. बाहेरून ती सोन्यासारखी दिसली, परंतु छातीचें मांस वाळून लाकूड झालें होतें. पाहुण्यांनीं सौजन्यानें दोन दोन घांस घेतले. उरलेलें मांस रात्रभर मेजावर तसेंच पडून राहिलें व सकाळीं टाकून द्यावें लागलें. त्याच सकाळीं मी शेजारच्या आळींत एका आजारी गृहस्थास ख्रिस्तप्रसाद द्यावयास गेलों. त्याच्या खाटेभोंवतीं तीन मुलें कोऱ्या चहावर बसलीं होतीं. ती लाज मी अजून विसरलों नाहीं.

पुढल्या वर्षीं पुन्हां टर्की आली. आमच्या स्वयंपाकघरांत मदतीस येणाऱ्या एका वृद्ध बाईंनीं ती पाहिली आणि त्या म्हणाल्या, "फादर, एवढा पक्षी एका मेजाचा नव्हे, तो आळीचा. यंदां कटलेटें करूं या."

त्यांची रीत अशी. छातीच्या मांसांत चरबी थोडी, म्हणून तें लवकर सुकतें. मांडीचें मांस अधिक रसाळ असतें. दोन्हीं मिळून ५०० ग्रॅम कच्चें मांस घेऊन त्याचा खिमा करावा. एक मोठा कांदा बारीक चिरून, तेलांत परतून थंड करावा. पावाचे दोन काप दुधांत भिजवून पिळून घ्यावेत. हा पावच कटलेटांतील ओलावा धरून ठेवितो. बोटाच्या पेराएवढें आलें, पांच लसणीच्या पाकळ्या व दोन हिरव्या मिरच्या वाटून घालाव्यात. मग कोथिंबीर, अर्धा चमचा हळद, एक चमचा मीठ, एक चमचा शिरका आणि आपला बाटली मसाला दोन चमचे घालावा. हलक्या हातानें कालवून अर्धा तास झांकून थंड जागीं, शक्य तर शीतकपाटांत, ठेवावें. फार मळल्यास कटलेट चिवट होतें.

याचीं दहा कटलेटें होतात. प्रत्येक सुमारें दीड सेंटिमीटर जाड थापावें, फेटलेल्या अंड्यांत बुडवून पावाच्या चुऱ्यांत घोळावें आणि पसरट तव्यांत थोड्या तेलावर मध्यम आंचेनें प्रत्येक बाजूनें चार-पांच मिनिटें तळावें. उलथन्यानें दाबूं नये. दाबल्यानें रस तव्यावर जातो. विस्तव मोठा केल्यास वरचा चुरा करपतो व आंत मांस कच्चें राहतें. एक कटलेट मोडून पाहावें: आंत गुलाबी छटा नसावी, रस स्वच्छ असावा. ज्यांच्याकडे तापमापक आहे त्यांनीं मध्यभागीं ७४ अंश सेल्सियस उष्णता झाली कीं नाहीं, तें पाहावें.

कच्च्या मांसाची पाटी व सुरी निराळी ठेवावी, हात साबणानें धुवावेत. मांस नळाखालीं धुऊं नये, कारण शिंतोड्यांबरोबर रोगजंतु पसरतात. शिजलेलें अन्न दोन तासांच्या आंत शीतकपाटांत ठेवावें. त्या रात्रीं एवढें जरी आम्हांस सुचलें असतें!

भगिनींनो, अखंड भाजलेल्या पक्ष्याचे वांटे करतांना मान पाहिला जातो. चांगला तुकडा कोणास, हा प्रश्न येतो. कटलेटें सारखीं असतात आणि मोजतां येतात. त्या दुसऱ्या नाताळांत बाईंनीं तीं आधीं मोजलीं, पानाच्या द्रोणांत घालून आळींतील घरोघर पाठविलीं, आणि मगच आमच्या मेजावर ताट आलें. पहिला द्रोण त्या खाटेच्या घरीं मीं स्वतः नेला. धाकट्या मुलानें बोटें चाटून विचारलें, "फादर, उद्यां पण नाताळ आहे का?"

महोत्सवाच्या जेवणाची तयारी आतां आपणच करणार आहांत. माझी एकच विनंती: ज्यांना पंक्तीस येतां येत नाहीं, त्यांचीं पानें आधीं मोजा, आणि कटलेटें गरम असतांनाच पोंचवा. इतकें बोलून मी आपली रजा घेतों.