नशा, मारझोड आणि कोठडी

(शाखा कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



बोनस आणि रिक्त पदे यांवर आपण तासन्‌तास बोलतो. आज क्वार्टरच्या बंद दाराआडचे बोलायचे आहे.

एखादा सभासद गर्द ओढतो, घरी बायकोला मारतो. शेजारी म्हणतात, चार दिवस आत बसला की सरळ होईल. पुढचे कार्यकर्त्याला निस्तरावे लागते. 48 तासांहून जास्त कोठडी झाली की रेल्वेच्या 1968 च्या शिस्त व अपील नियमांनुसार तो निलंबित मानला जातो. टपाल खात्यात 1965 चे नियम तेच सांगतात. पहिले तीन महिने निर्वाह भत्ता अर्धपगारी रजेच्या हिशेबाने. म्हणजे मार खाल्ला तिने आणि चूलही विझली तिचीच. पुढच्या वेळी ती तक्रार करील कशाला?

बरे, आत जाऊन व्यसन सुटते का? देशाच्या तुरुंगांतील चारांपैकी सुमारे तीन माणसे कच्चे कैदी आहेत. तिथे टर्की भोगून झाली म्हणजे उपचार झाला असे नव्हे. शरीराची सवय मोडलेली असते. सुटून आल्यावर जुन्याच मापाने गर्द घेतला तर जीव जातो. सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे.

1985 च्या अमली पदार्थ कायद्यातच वाट आहे. कलम 64 अ प्रमाणे अल्प प्रमाणातील माल सापडलेला व्यसनी आपणहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेईल तर त्याच्यावर खटला चालत नाही. गर्दाचे अल्प प्रमाण 5 ग्रॅमपर्यंत. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. आमच्या अनुभवात हे कलम वकिलांनाही आठवून द्यावे लागते!

आता बाईचे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नवऱ्याला अटक न होताही तिला न्यायालयाकडून संरक्षणाचा आणि राहत्या घरात राहण्याचा आदेश मिळू शकतो. खर्चाची रक्कम नवऱ्याने दिली नाही तर त्याच्या पगारातला भाग थेट तिला द्या, असे न्यायालय मालकाला सांगू शकते. आपल्या बाबतीत मालक म्हणजे प्रशासन. आदेश मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद आहे. आणि जिवावर बेतले असेल तर पोलीस हवेतच, तिथे शाखेने समेटाची घाई करू नये.

कुणी म्हणेल, नशा सोडवा, मारझोड आपोआप थांबेल. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, नवरा वारंवार झिंगतो अशा स्त्रियांपैकी सुमारे 70 टक्क्यांनी मार किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेली होती. पण न पिणाऱ्यांच्या घरीही हा आकडा 23 च्या आसपास आहे. ते कशाच्या नशेत मारतात?

म्हणून आम्ही दोन प्रकरणे वेगळी धरतो. व्यसनापायी नोकरी जात असेल तर उपचारासाठी रजा मागू, बचावाला उभे राहू. बायकोला मारल्याबद्दल बचाव करणार नाही, आणि तिच्यावर तक्रार मागे घेण्याचा दबाव आणणाऱ्या पदाधिकाऱ्याला पाठीशी घालणार नाही.

प्रत्येक रेल्वे रुग्णालयात व्यसनमुक्तीची सोय हवी, कागदपत्रे गुप्त हवीत, ही मागणी व्यवस्थापनापुढे ठेवायची आहे. तोवर शाखेच्या फलकावर दोन क्रमांक ठळक लिहा: व्यसनमुक्तीसाठी 14446, स्त्रियांसाठी 181. फलक फक्त बुकिंग ऑफिसमागे नको, कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीजवळही लावा. बायका तिथे येतात.