चारी बुजली म्हणून रान नापीक नव्हे

श्रोतेहो, कोरेगावकडच्या शेतकऱ्याला पाटाची गोष्ट मी काय सांगावी? पाटाला पाणी असतं, रान कसदार असतं. पण मधली चारी गाळानं बुजली, की पीक वाळून जातं. तेव्हा आपण रानाला नापीक म्हणत नाही. खोरं घेऊन चारीकडं जातो. मग लग्नाला चार वर्षं झाली नि पाळणा हलला नाही, तर सुनेला मात्र लगेच 'वांझ' का म्हणावं?

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक गर्भनलिका असते. ती सुमारे 10 सेंटिमीटर लांब असते. स्त्रीबीजाची व पुरुषबीजाची गाठ या नळीतच पडते. नळ्या बुजल्या, की ही गाठभेट खुंटते.

नळ्या बुजतात त्या बहुधा जंतूंमुळे. आपल्या देशात क्षयाचे जंतू हे त्याचे एक मोठे कारण. छातीतले जंतू रक्तावाटे नळीपर्यंत पोहोचतात. पुष्कळदा बाईला ना खोकला, ना ताप! परमा, क्लॅमिडिया हे नवराबायकोत एकमेकांकडून लागणारे रोग, तसेच अस्वच्छ बाळंतपण वा गर्भपात, हीही कारणे आहेत.

कोणी म्हणेल, हा आनुवंशिक दोष नसेल का? तर ऐका. एकाच जंतूची बाधा दोघींना झाली, तरी एकीची नळी सुखरूप राहते, दुसरीची वण धरून बुजते. जंतूंशी झुंजण्याची शरीराची रीत काही अंशी आईबापांकडून येते. संशोधक त्याचा शोध घेत आहेत. पण म्हणून ही काही कुळाची खोड नव्हे. जंतूंवर वेळीच औषध घेतले, तर नळी वाचण्याची आशा असते.

वर्षभरात दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून दवाखान्यात जावे. पुरुषाची तपासणी सोपी. ती आधी करावी. गर्भाशयातून नळ्यांत औषध सोडून एक्स-रे काढला, की कुठे अडले ते समजते. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मात्र बुजलेली नळी औषधाने मोकळी होईलच, असे नाही.

तरीही वाट उरते. 1978 साली इंग्लंडात लुईस ब्राऊन जन्मली. तिच्या आईच्या नळ्या बंद होत्या. डॉक्टरांनी बीजांची गाठ शरीराबाहेर, काचपात्रात घालून दिली. 1986 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी याच रीतीने मूल जन्मले. हा उपचार खर्चाचा आहे आणि दर वेळी यश येतेच असे नाही, हेही सांगितले पाहिजे.

गुरुजी नि बाई, गावात तुमचा शब्द ऐकतात. ओटी भरायच्या वेळी जिला टाळलं जातं, तिच्यासाठी तो खर्च करा. आधी चारी बघा म्हणावं. रानाला नाव ठेवू नका.